रक्ताचा कर्करोग : औषधांच्या चिठ्ठीवर न लिहिलेला व्यायाम

उपचारांमुळे रुग्ण वाचतो, पण पायऱ्या चढू शकत नाही. ही उणीव भरून काढणारा उपाय स्वस्त आहे. मात्र तो सल्ल्यापुरता उरला, तर त्याचा उपयोग होत नाही.

अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेची वार्षिक परिषद जून २०२५च्या सुरुवातीस शिकागोत झाली. तिथे ज्या निष्कर्षांची खूप चर्चा झाली, ते कोणत्या नव्या औषधाचे नव्हते, व्यायामाचे होते. ‘चॅलेंज’ नावाच्या या चाचणीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ८८९ रुग्ण सहभागी झाले होते, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. त्यांची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पूर्ण झालेली होती. निम्म्या रुग्णांना आरोग्यदायी सवयींची माहिती देणारी पुस्तिका मिळाली. उरलेल्या निम्म्यांना तीच पुस्तिका आणि शिवाय तीन वर्षे प्रशिक्षकाची सोबत मिळाली. हा प्रशिक्षक व्यायाम ठरवून देई, सुरुवातीला दर पंधरवड्याला भेटे आणि कुठे अडते आहे ते विचारी. आठ वर्षांनंतर पुस्तिकेच्या गटातले सुमारे ८३ टक्के रुग्ण हयात होते, प्रशिक्षकाच्या गटातले सुमारे ९० टक्के. अनेक महागड्या औषधांनाही इतका फरक साधत नाही.

साहजिकच ‘व्यायाम हेच कर्करोगावरचे औषध’ अशा आशयाच्या बातम्या जगभर झळकल्या. मात्र ही चाचणी आतड्याच्या कर्करोगाची होती. ल्युकेमिया, लिम्फोमा किंवा मायलोमा या रक्ताच्या कर्करोगांचे रुग्ण तिच्यात नव्हते. या आजारांत रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जा किंवा रोगांशी लढणारी लसिकासंस्थाच बिघडलेली असते. कुणाच्या प्लेटलेट दहा हजारांवर आलेल्या असतात, कुणाच्या मणक्याचे हाड आतून पोखरलेले असते. अशा माणसाला ‘रोज पाऊण तास झपाझप चाला’ असे सांगणे कितपत योग्य? आणि त्याला नुसते ‘आराम करा’ असे सांगणे तरी कितपत योग्य? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘सरसकट नाही’ असे आहे. दुसऱ्याचेही तेच आहे. मधली वाट कोणती, यावर गेल्या तीन दशकांत बरेच संशोधन झाले आहे. आपल्याकडे मात्र ते रुग्णापर्यंत क्वचितच पोहोचते.

वाचणाऱ्यांची संख्या वाढली

हा प्रश्न आज महत्त्वाचा ठरण्याचे कारण आनंदाचे आहे. रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण आता पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त जगतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा एकेकाळी काही वर्षांत प्राण घेणारा आजार होता. २००१मध्ये इमॅटिनिब ही गोळी आली, पुढे तिची भारतीय जेनेरिक आवृत्ती स्वस्तात मिळू लागली आणि हा आजार मधुमेहासारखा सांभाळत जगण्याचा झाला. मायलोमा अजूनही सहसा मुळासकट बरा होत नाही. पण बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड आणि रुग्णाच्याच मूळपेशींचे प्रत्यारोपण यांमुळे तो अनेकांत कित्येक वर्षे आटोक्यात राहतो. हॉजकिन लिम्फोमाचे आणि लहान मुलांतील तीव्र ल्युकेमियाचे बहुतांश रुग्ण योग्य उपचार वेळेत मिळाल्यास बरे होतात.

या वाटचालीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३मध्ये परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. रुग्णाच्याच टी-पेशींत जनुकीय बदल करून त्यांना कर्करोगाशी लढायला पाठवणारी पहिली भारतीय ‘कार-टी’ उपचारपद्धती पवईच्या आयआयटी मुंबईत आणि टाटा स्मारक केंद्रात आकाराला आली. तिला ऑक्टोबर २०२३मध्ये औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. तिचा खर्च चाळीस लाखांच्या घरात असला, तरी परदेशातील अशाच उपचारांच्या तुलनेत तो साधारण एक दशांश आहे.

थोडक्यात, प्राण वाचवण्याचे तंत्र आपल्याकडे आले. वाचलेला माणूस पुन्हा शेतात, वर्गात, दुकानात किंवा लोकलच्या डब्यात कसा उभा राहील, हा भाग मागे राहिला.

हा थकवा झोपेने जात नाही

रक्ताच्या कर्करोगातून उठलेल्या रुग्णाची सर्वांत मोठी तक्रार वेदनेची नसते, थकव्याची असते. हा थकवा दिवसभर राबल्यावर येणाऱ्या थकव्यासारखा नसतो. रात्रभर झोपूनही तो जात नाही. आंघोळ करून बाहेर आले तरी पुन्हा आडवे व्हावेसे वाटते. घरच्यांना तो आळस वाटतो, रुग्णाला अपराधी वाटते आणि डॉक्टरांच्या दोन मिनिटांच्या भेटीत त्याचा विषयच निघत नाही.

त्यामागे अनेक कारणे एकत्र आलेली असतात. अस्थिमज्जा बिघडल्याने हिमोग्लोबिन कमी असते आणि स्नायूंना प्राणवायू पुरत नाही. लिम्फोमा, मायलोमा आणि तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या उपचारांत स्टेरॉइड जवळजवळ अपरिहार्य असतात आणि दीर्घकाळ घेतल्यास ती मांड्यांचे व खांद्यांचे मोठे स्नायू झिजवतात. म्हणून रुग्णाला जमिनीवरून उठता येत नाही, भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसणे जमत नाही, एसटीची पहिली पायरी चढताना दांड्याला लोंबकळावे लागते. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन आणि मायलोमात दिले जाणारे बोर्टेझोमिब ही दोन्ही औषधे नसांना इजा करतात. तळपाय बधिर होतात, मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही आणि तोल जातो. लिम्फोमात वापरले जाणारे डॉक्सोरुबिसिन काहींच्या हृदयाची ताकद कमी करते.

यात भर पडते ती अंथरुणाची. तीव्र ल्युकेमियाच्या पहिल्या उपचारांत किंवा प्रत्यारोपणाच्या वेळी रुग्णाला तीन-चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त काळ, जंतुसंसर्ग टाळण्यासाठी एकाच खोलीत राहावे लागते. पलंग, खुर्ची आणि स्वच्छतागृह एवढेच त्याचे जग असते. नुसते पडून राहण्याची किंमत किती असते, हे १९६६मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे झालेल्या एका प्रयोगातून दिसले. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवण्यात आले. तीस वर्षांनी याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तेव्हा आढळले, की तीस वर्षांच्या वयोमानाने शारीरिक क्षमतेची जेवढी हानी झाली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केली होती. ते तरुण निरोगी होते. साठीतला मायलोमाचा रुग्ण केमोथेरपी घेत तेवढेच दिवस पडून राहिला, तर काय होत असेल, याची कल्पना करता येते.

खाटेवरची सायकल

आजारात विश्रांती हेच औषध, ही समजूत वैद्यकशास्त्राने एकदा मोडीत काढलेली आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला पूर्वी कित्येक आठवडे पाठीवर झोपवून ठेवत. १९५२मध्ये बोस्टनचे सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन यांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा सहकाऱ्यांना तो अघोरी प्रकार वाटला. आज हृदयरुग्णांचे व्यायामाधारित पुनर्वसन हा उपचारांचाच भाग मानला जातो.

कर्करोगात हे वळण उशिरा आले आणि त्याच्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी काही मूळपेशी प्रत्यारोपणाच्या वॉर्डात झाले, हे विशेष. १९९७मध्ये जर्मनीतील फर्नांडो दिमेओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यारोपणासाठी दाखल झालेल्या ७० कर्करुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाच्या रुग्णांनी खाटेवर पडल्या पडल्या चालवता येणारी सायकल रोज अर्धा तास, मध्ये थांबत थांबत चालवली. त्यांची शारीरिक क्षमता दुसऱ्या गटापेक्षा कमी घटली आणि रुग्णालयातला मुक्कामही कमी झाला.

त्यानंतर पुरावा साचत गेला. कॅनडात लिम्फोमाच्या १२२ रुग्णांवर झालेली चाचणी २००९मध्ये प्रसिद्ध झाली. बारा आठवडे देखरेखीखाली सायकल चालवणाऱ्यांची कार्यक्षमता सुधारली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे केमोथेरपी पूर्ण होण्यात किंवा तिचा गुण येण्यात काहीही अडथळा आला नाही. २०११मध्ये जर्मनीतील १०५ रुग्णांचा अभ्यास आला. त्यांना दुसऱ्याच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण करायचे होते. व्यायामाची सुरुवात दाखल होण्याआधी, घरीच झाली आणि डिस्चार्जनंतरही काही आठवडे तो चालू राहिला. या गटाला थकवा कमी जाणवला. उपचारांना सामोरे जाण्याआधी शरीराची थोडी तयारी करून ठेवण्याची ही कल्पना आता अनेक देशांत मूळ धरते आहे.

नसांच्या इजेबाबत तर अलीकडचे निष्कर्ष विशेष लक्षवेधी आहेत. व्हिन्क्रिस्टिनच्या वर्गातली औषधे किंवा ऑक्सालिप्लॅटिन घेणाऱ्या १५८ रुग्णांवर जर्मनीत झालेली चाचणी २०२४मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाने केमोथेरपी चालू असताना आठवड्यातून दोनदा तोल सांभाळण्याचे व्यायाम केले, म्हणजे एका पायावर उभे राहणे, डगमगणाऱ्या पृष्ठभागावर स्थिर होणे वगैरे. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के रुग्णांना नसांचा त्रास झाला. तोलाचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ३० टक्के होते. या त्रासाला रोखणारे खात्रीचे औषध आजही उपलब्ध नाही. त्रास वाढला तर केमोथेरपीचा डोस कमी करावा लागतो, म्हणजे मूळ उपचारालाच धक्का बसतो. म्हणून हा फरक नुसत्या सोयीचा राहत नाही.

आयुष्य वाढते का?

इथे उत्साहाला आवर घालायला हवा. वैद्यकीय पुराव्यांची तटस्थ छाननी करणाऱ्या ‘कोक्रेन’ या संस्थेने २०१९मध्ये रक्ताच्या कर्करोगातील एरोबिक व्यायामाच्या १८ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात एकूण १,८९२ रुग्ण होते. व्यायामाने थकवा आणि नैराश्य थोडे कमी होत असल्याचे दिसले. मृत्यूच्या प्रमाणात मात्र फरक आढळला नाही. जीवनमानाच्या एकूण गुणांकनातही फारसा बदल दिसला नाही. बहुतेक चाचण्या लहान आणि अल्पकाळाच्या होत्या, त्यामुळे पुराव्याचे वजन मध्यम ते कमी ठरले.

प्रयोगशाळेतून येणाऱ्या काही बातम्या आशा वाढवतात. व्यायाम करताना रक्तातल्या ‘नॅचरल किलर’ नावाच्या मारक पेशींची संख्या झपाट्याने वाढते. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या रुग्णांना अर्ध्या तासाच्या आसपास सायकल चालवायला लावली आणि आधीचे व नंतरचे रक्त तपासले. नंतरच्या नमुन्यात रिटुक्सिमॅब या औषधाच्या साथीने कर्करोगाच्या पेशी जास्त मारल्या गेल्या. मात्र हे घडले परीक्षानळीत. रुग्णाच्या शरीरात तेच घडते का आणि त्याने आयुष्य वाढते का, याची परीक्षा व्हायची आहे.

म्हणून आतड्याच्या कर्करोगाचे आकडे रक्ताच्या कर्करोगाला चिकटवणे चूक ठरेल. ‘व्यायाम करा, ल्युकेमिया पळवा’ असे सांगणारे व्हिडिओ समाजमाध्यमांवर भेटले, तर त्यांच्यापासून दूर राहिलेले बरे. व्यायाम औषधांची जागा घेत नाही. तो औषधे सोसण्याची ताकद टिकवतो आणि औषधांनी वाचवलेले आयुष्य वापरण्याजोगे ठेवतो. केवळ एवढ्यासाठीही तो उपचारांत असायला हवा. मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढते का, असे कुणी विचारत नाही. दिसायला लागते, एवढे पुरेसे असते.

मात्रा आणि पथ्य

औषध म्हटले की मात्रा आली आणि पथ्यही आले. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने झालेल्या तज्ज्ञांच्या २०१९मधील शिफारशींनुसार, आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास मध्यम दमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, असे किमान आठ ते बारा आठवडे केल्यास कर्करुग्णांचा थकवा, चिंता आणि नैराश्य कमी होते. मध्यम दम ओळखण्याची सोपी खूण अशी, की चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. ज्याला हे झेपत नाही, त्याने पाच-पाच मिनिटांपासून सुरुवात करायची. काही दिवस नुसते खुर्चीतून उठणे-बसणे हाच व्यायाम असतो.

मात्र रक्ताच्या कर्करोगात ही मात्रा रक्ताच्या अहवालाप्रमाणे बदलते. निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे दीड ते चार लाख प्लेटलेट असतात. त्या ५० हजारांच्या खाली गेल्या, की अनेक केंद्रे वजन उचलण्याचे व्यायाम थांबवून हलक्या हालचालींवर येतात. २० हजारांच्या खाली सावकाश चालणे आणि सांध्यांच्या सौम्य हालचाली यांवर. आणि १० हजारांच्या खाली अगदी गरजेपुरत्या हालचालींवर. हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल, ताप असेल, छातीत दुखत असेल, गरगरत असेल किंवा कुठून रक्त येत असेल, तर त्या दिवशी व्यायाम नाही. प्रत्येक केंद्राचे आकडे थोडे वेगळे असतात, म्हणून रुग्णाने आपल्या डॉक्टरांचाच आकडा धरून चालावे. छातीत किंवा दंडात नळी बसवलेली असताना पोहणे वर्ज्य. पांढऱ्या पेशी कमी असताना गर्दीची जिमही वर्ज्य.

मायलोमाचे पथ्य आणखी वेगळे आहे, आणि आपल्याकडे त्याची जास्त गरज आहे. या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांत हाडे ठिकठिकाणी पोखरलेली असतात, विशेषतः मणके, बरगड्या आणि मांडीचे हाड. व्यायाम म्हटले की आपल्याकडे योगासने आठवतात. पण सूर्यनमस्कार, पश्चिमोत्तानासन, हलासन किंवा कमरेला पीळ देणारी आसने पोखरलेल्या मणक्यावर नेमका नको तो भार टाकतात. श्वसनाचे सौम्य प्रकार, ताठ बसून वा उभे राहून केलेल्या हालचाली आणि चालणे हे बहुतेकांना चालते. कोणत्या हाडाला किती धोका आहे, हे स्कॅन पाहणाऱ्या तज्ज्ञानेच ठरवायला हवे. पाठीत नव्याने तीव्र वेदना सुरू झाली, पाय अचानक लुळे वाटू लागले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर तो व्यायामाचा थकवा समजू नये. मज्जारज्जूवर दाब आल्याची ती खूण असू शकते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

पथ्याची ही यादी वाचून ‘मग नकोच ती भानगड’ असे वाटू शकते. पण योग्य देखरेखीखाली झालेल्या चाचण्यांत गंभीर अपाय विरळाच आढळले आहेत. ‘चॅलेंज’मध्ये स्नायू-सांध्यांच्या तक्रारी व्यायामाच्या गटात जास्त होत्या, साडेअठरा टक्के विरुद्ध साडेअकरा टक्के. धोका शून्य नाही, पण तो ओळखता आणि सांभाळता येतो. पडून राहण्याचा धोका मात्र सहसा कुणी मोजत नाही.

सल्ला सगळे देतात, सोबत कोण देतो?

‘चॅलेंज’मधला एक तपशील धोरणकर्त्यांनी पुन्हा वाचण्याजोगा आहे. माहितीपुस्तिका दोन्ही गटांना मिळाली होती. फरक पडला तो पुस्तिकेबरोबर माणूस मिळाल्याने. आपल्याकडे बहुतेक रुग्णांना पुस्तिकाही मिळत नाही. मिळते ते वाक्य. ‘आराम करा’ किंवा ‘थोडे फिरत जा’. किती, कधीपासून, काय टाळायचे आणि नाही जमले तर कुणाला विचारायचे, हे त्या वाक्यात नसते.

घरी गेल्यावर मग दोन टोके गाठली जातात. मुलाला ल्युकेमिया झाला, तर आई-वडील धास्तीने त्याला उन्हात, अंगणात, मैदानात सोडत नाहीत आणि आजार बरा झाल्यावरही हे वर्षानुवर्षे चालते. दुसरीकडे, घरातली बाई आजारी असेल तर ‘घरकाम होतेय, तोच व्यायाम’ असे म्हटले जाते. पण हंडा उचलणे, वाकून लादी पुसणे हे पोखरलेल्या मणक्याला घातक असते. ते स्वतःच्या दमाने थांबवताही येत नाही. हातावर पोट असलेल्या मजुराला तर ताकद परत येण्याआधीच कामावर जावे लागते, आणि झेपले नाही की रोजगार जातो. उपचार अर्धवट सोडण्यामागे पैसे आणि अंतर ही कारणे असतातच. त्यांत शरीर साथ देत नाही, या कारणाची भर पडते.

जर्मनीत कर्करोगाच्या उपचारांनंतर साधारण तीन आठवड्यांचे पुनर्वसन हा सामाजिक विम्याखाली मिळणारा हक्क आहे. या विषयावरचे इतके संशोधन त्या देशातून यावे, हा योगायोग नाही. व्यवस्था होती, म्हणून प्रश्न विचारले गेले. भारतात वर्षाला १४ लाखांहून अधिक नव्या कर्करुग्णांचे निदान होत असल्याचा २०२२चा अंदाज आहे. तेवढ्यांसाठी जर्मनीसारखी निवासी केंद्रे उभारणे परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. खुर्ची, भिंत, जिना आणि तीस मीटरचा व्हरांडा एवढ्या सामग्रीत बहुतेक काम होते. तीस सेकंदांत रुग्ण किती वेळा खुर्चीतून उठू शकतो आणि सहा मिनिटांत किती चालू शकतो, या दोन चाचण्यांना फक्त घड्याळ आणि टेप लागते. रक्तदाब नोंदवतात, तसे हे दोन आकडे दर भेटीत केसपेपरवर नोंदले गेले, तर घसरण वेळेत दिसेल.

कमतरता आहे ती माणसाच्या नेमणुकीची. जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागात येतात ते प्रामुख्याने मोडलेल्या हाडांचे आणि पक्षाघाताचे रुग्ण. रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण तिकडे पाठवलाच जात नाही. पाठवला, तरी प्लेटलेट ३० हजार असताना त्याला काय करायला लावायचे, हे तिथल्या फिजिओथेरपिस्टला कुणी शिकवलेले नसते. दोष त्याचा नाही. रक्तविकारतज्ज्ञ आणि तो यांच्यात चिठ्ठीचाही संबंध नाही, ही खरी अडचण आहे.

ती दूर करण्याची संधी समोर आहे. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. त्यांपैकी २०० त्याच वर्षात व्हायची होती. केमोथेरपीसाठी गडचिरोलीच्या किंवा नांदेडच्या रुग्णाला दर खेपेस नागपूर-मुंबई गाठावी लागू नये, हा त्यामागचा हेतू. याच केंद्रांत आठवड्यातून दोन दिवस प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट बसला, तर रुग्ण सलाइन संपायची वाट पाहत असतानाच त्याची तपासणी होऊ शकते, व्यायामाचा पुढचा टप्पा ठरू शकतो. मधल्या दिवसांत फोनवरून चौकशी करता येते. देशभरातील तीनशेहून अधिक रुग्णालये आणि संस्था ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’ या जाळ्यात जोडलेल्या आहेत आणि ती उपचारांची सामायिक मार्गदर्शक तत्त्वे तयार करते. प्लेटलेट, हिमोग्लोबिन आणि हाडांची स्थिती यांप्रमाणे कोणता व्यायाम चालेल, याचा एक पानी तक्ता मराठीसह भारतीय भाषांत तयार करणे तिला अवघड नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठाने फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना कर्करोग वॉर्डात काही आठवडे काम करायला लावले, तर पाच वर्षांत मनुष्यबळही तयार होईल.

भारतीय रुग्णांवरच्या चाचण्याही हव्यात. आपल्याकडे उपचार सुरू होतानाच अनेकांत कुपोषण आणि रक्तक्षय असतो, उन्हाळ्यात दुपारी चालणे शक्य नसते, आणि जमिनीवर बसणे-उठणे हा रोजच्या जगण्याचा भाग असतो. युरोपातला सायकलवरचा कार्यक्रम जसाच्या तसा इथे बसणार नाही. टाटा स्मारक केंद्राने स्तनांच्या कर्करोगात योगाची मोठी चाचणी घेऊन अशा प्रश्नांचा शास्त्रीय शोध इथेही घेता येतो, हे दाखवलेलेच आहे. रक्ताच्या कर्करोगातही तसे व्हायला हवे.

धोरण बदलेपर्यंत रुग्णाच्या आणि नातेवाइकांच्या हातात एक गोष्ट आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना ‘व्यायाम करू का?’ असे विचारले, तर उत्तर ‘करा थोडाफार’ असेच मिळेल. त्याऐवजी चार नेमके प्रश्न विचारावेत : आजच्या अहवालानुसार कोणत्या हालचाली चालतील, कोणत्या हाडांवर भार द्यायचा नाही, काय झाले तर थांबायचे, आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवाल का? उत्तरे कागदावर लिहून मागावीत. औषधांच्या चिठ्ठीवर खाली तेवढी जागा नक्कीच असते.